अकलहुशारीने व स्वखुशीने

मराठी दस्त कुठलाही असो, खरेदीखत, वाटणीपत्र की मृत्युपत्र, त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: मी पूर्ण शुद्धीवर असून, अकलहुशारीने व स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाला बळी न पडता हा दस्त लिहून देत आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतल्या ट्रंकांमध्ये जपून ठेवलेले जुने कागद उघडले तरी हेच शब्द भेटतात. लिहिणारा ते सवयीनं लिहितो, सही करणारा बहुतेक वेळा ते न वाचताच सही करतो. जमिनीच्या व्यवहारात त्यातून घोटाळा झालाच तर दिवाणी दावा लावता येतो. वर्षानुवर्षं चालतो, पण लावता येतो.

आता याच वाक्याच्या आधारावर उभा राहणारा एक नवा कागद आला आहे, आणि त्यात चूक झाली तर दावा लावायला तो माणूस मागे उरत नाही. लोक त्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. वर्तमानपत्रं ‘जिवंतपणीचं इच्छापत्र’ असं छापतात. उद्या मी बरा न होणाऱ्या आजारात बेशुद्ध पडलो, परत येण्याची आशा उरली नाही, तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, असं माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयानं ‘कॉमन कॉज’ खटल्यात ९ मार्च २०१८ रोजी या कागदाला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढून ती आपल्या राज्यात लागू केली. दावणगेरेच्या निवृत्त शिक्षिका एच. बी. करिबसम्मा यांनी सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं पत्रव्यवहार आणि पाठपुरावा केला होता. त्यांच्या चिकाटीची आठवण त्या आदेशाच्या बातम्यांमध्ये सगळीकडे निघाली.

बेळगाव जिल्ह्याला हा आदेश लागू आहे. निपाणीतला माणूस आज हा कागद करू शकतो. प्रश्न असा आहे, की सही करणाऱ्याचं मन त्या क्षणी ठिकाणावर आहे, की दुःखानं, कर्जानं, एकटेपणानं ते आधीच खचलेलं आहे, हे कोण बघतं?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. बातम्यांचे मथळे ‘कर्नाटकात इच्छामरणाला परवानगी’ असे आले, त्यामुळे पुष्कळांना वाटलं, की आता अर्ज केला की डॉक्टर इंजेक्शन देतात. तसं मुळीच नाही. भारतात मृत्यू घडवून आणणारं औषध देणं हा गुन्हा आहे, आणि कुणाला आत्महत्येला मदत करणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा आहे. परवानगी आहे ती एवढीच, की ज्या उपचारांनी मृत्यू फक्त लांबतो आहे, ते न सुरू करणं किंवा थांबवणं. नेदरलँड्स, कॅनडा, अमेरिकेतलं ओरेगॉन इथले कायदे यापेक्षा फार पुढे गेलेले आहेत.

हा फरक मोठा आहे, पण मनाच्या तपासणीचा प्रश्न त्यानं सुटत नाही. माणूस ‘मला आता नको’ म्हणतो तेव्हा त्याला उपचार नको आहेत की जगणं नको आहे, हे इथल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कायद्यांना ओळखावंच लागतं. पहिल्याचा मान राखायचा असतो, दुसऱ्यावर उपचार करायचे असतात. आणि दोघं एकाच खाटेवर, एकाच आवाजात बोलत असतात.

न्यायालयांना हे कोडं नवं नाही. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाचा खटला आला. रस्त्यावरच्या अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता. भाजीचा गाळा टाकायची परवानगी मिळेना म्हणून त्यानं महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, आणि पोलिसांनी त्याच्यावरच आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा नोंदवला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठानं ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. पुढे १९९६ साली ज्ञान कौर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं कलम पुन्हा उचलून धरलं. पण ज्याला दवाखान्याची गरज आहे त्याला कोठडीत टाकायचं का, हा मुंबईतला सवाल शिल्लक राहिला. त्याचं उत्तर संसदेनं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दिलं. कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरून चालायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर जुनं कलम ३०९ राहिलंच नाही.

म्हणजे एकाच देशात दोन कायदे शेजारी शेजारी उभे आहेत. एक सांगतो, मरण मागणारा माणूस ताणाखाली आहे असं समजा. दुसरा सांगतो, उपचार नाकारणारा माणूस सज्ञान आणि शहाणा आहे असं समजा. दोन्ही बरोबर आहेत. मधली सीमारेषा कोण आखतं, यावर सगळं अवलंबून आहे.

२०१८ च्या निकालात ही जबाबदारी वाटून दिली होती. इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळं बसत. त्यांत कुठल्या शाखांचे तज्ज्ञ असावेत याची यादी होती: सर्वसाधारण वैद्यक, हृदयरोग, मेंदूविकार, मूत्रपिंड, मनोविकार किंवा कर्करोग, आणि प्रत्येकाला किमान २० वर्षांचा अनुभव हवा. ही अट इतकी कडक होती, की पाच वर्षांत हा मार्ग जवळजवळ कुणालाच चालता आला नाही. २० वर्षं अनुभवाचे तीन-तीन तज्ज्ञ तालुक्याच्या गावी आणायचे कुठून? म्हणून २०२३ मध्ये न्यायालयानं सुधारणा केली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जागी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आला. मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि ‘संबंधित विषयाचे’ दोन तज्ज्ञ, अनुभव ५ वर्षांचा. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. मत शक्यतो ४८ तासांत द्यायचं. उपचार थांबवण्याआधी रुग्णालयानं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं.

सुधारणा गरजेची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण यादी काढून टाकताना मनोविकार हा शब्दही तिच्याबरोबर गेला, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. कर्नाटकाच्या आदेशात दुसऱ्या मंडळासाठी ज्या डॉक्टरांना नेमता येईल त्यांची नावनिशी आहे: मेंदूविकारतज्ज्ञ, मेंदूचे शल्यविशारद, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मान्यता मिळालेले. मेंदू मेला आहे का, फुप्फुसं परत चालतील का, हे ठरवायला ही माणसं अगदी योग्य. मनाकडे पाहणारं मात्र त्यांत कुणी नाही.

यावर एक सरळ आक्षेप येईल: मंडळ बसतं तेव्हा रुग्ण बहुधा बेशुद्ध असतो, मग मानसोपचारतज्ज्ञ तिथं बसून विचारणार काय आणि कुणाला? आक्षेप खरा आहे, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो. मनाची तपासणी व्हायला हवी ती माणूस बोलू शकतो तेव्हा, म्हणजे सही करताना. त्या टेबलापाशी असतात दोन साक्षीदार आणि एक नोटरी. दस्त कसल्याही दबावाशिवाय, परिणामांची पूर्ण जाण ठेवून केला गेला याबद्दल आपली खात्री झाली, असं नोटरीनं नोंदवायचं असतं. पण नैराश्य कसं ओळखावं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

नैराश्य ओळखणं डॉक्टरांनाही सोपं जात नाही. कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव्ह यांनी १९९५ साली मरणाच्या दारात असलेल्या २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मरण लवकर यावं असं कधीमधी जवळजवळ निम्म्यांना वाटून गेलं होतं. पण तशी गंभीर, सतत टिकणारी इच्छा फक्त ८.५ टक्क्यांना होती, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना नैराश्याचा आजार होता. ज्यांना तशी इच्छा नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ८ टक्क्यांच्याही आत होतं. ओरेगॉनमध्ये मरणासाठी मदत मागणाऱ्या ५८ जणांची तपासणी झाली. २००८ साली तिचे निष्कर्ष आले. १५ जणांना नैराश्य होतं. ज्या १८ जणांना पुढे औषधाची चिठ्ठी मिळाली त्यांच्यातही ३ जण नैराश्यातले निघाले. तिथल्या कायद्यात डॉक्टरला शंका आली तरच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायची तरतूद आहे. शंकाच आली नाही तर?

शंका न येण्याचं कारण आजारातच दडलेलं असतं. भूक जाणं, वजन उतरणं, झोप न येणं, गळून जाणं ही नैराश्याची लक्षणं, आणि कर्करोगाचीही हीच. म्हणून जाणता डॉक्टर शरीर बाजूला ठेवून दुसरंच काही शोधतो: नातवंडं खोलीत आली तरी मान वळत नाही का? ‘मी कुणाच्या कामाची नाही’ हे वाक्य सारखं येतं का? आपल्या आजाराला आपलंच कुठलं तरी पाप कारण आहे असं वाटतंय का? उद्याबद्दल काहीच विचार येत नाही का? म्हाताऱ्या माणसांत आणखी एक फसवणूक असते. जंतुसंसर्ग झाला, रक्तातलं मीठ कमी झालं, की माणूस भ्रमात जातो. सकाळी नीट बोलतो, संध्याकाळी मुलालाच ओळखत नाही. अशा माणसाची सही कुठल्या वेळी घेतली यावर त्या कागदाची किंमत ठरते. भ्रम बहुधा उतरतो. नैराश्यावरच्या औषधांना गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. तेवढा वेळ देणं ही सर्वात साधी आणि सर्वात मोठी सुरक्षा आहे.

निपाणीकडचं एक उदाहरण कल्पनेनं उभं करतो. आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्यात गेलेली एक आजी. तोंडाचा कर्करोग. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, गाठ परत आली. गिळता येत नाही म्हणून डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणतात आणि ती हात जोडून म्हणते, “नळी नगं.” डॉक्टर मुलाला चहा आणायला पाठवतो आणि स्टूल ओढून जवळ बसतो.

“आजी, नळी का नको?”

“लई तरास हुतोय वो. आन तिनं काय मी बरी हुनार हाय व्हय? घरला जातो. अंगणात पडून ऱ्हातो. थोरल्या नातीचं लगीन ठरलंय, तेवढं बगतो.”

ही बाई सगळं समजून बोलते आहे. नळीनं काय होईल, काय होणार नाही, तिला ठाऊक आहे. तिला पुढचं काहीतरी हवं आहे. तिचं ‘नगं’ मानायलाच हवं, मुलानं कितीही आरडाओरडा केला तरी.

आता त्याच खाटेवर त्याच प्रश्नाला दुसरं उत्तर आलं असतं तर?

“कशाला घालायची? माज्यापायी पोरानं शेत गहाण टाकलंय. सून बोलत न्हाई, पर मला कळतंय की. मला काय बी नगं. गेलेली बरी.”

इथं तिनं नळीबद्दल एक शब्दही उच्चारलेला नाही. ती कर्जाबद्दल बोलते आहे, सुनेच्या अबोल्याबद्दल बोलते आहे. या ‘नगं’वर सही घेणं म्हणजे सावकाराच्या वतीनं तिचा उपचार थांबवणं. आणि मुलगा खोलीत असता तर ती यातलं काहीच बोलली नसती.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ४ मध्ये निर्णयक्षमता कशी पाहायची ते सांगितलं आहे. माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम ध्यानात येतात का, आणि तो निर्णय बोलून, खुणेनं किंवा कसाही दुसऱ्याला कळवता येतो का. त्याच कलमात दोन गोष्टी आहेत, ज्या सीमाभागातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लिहाव्यात अशा. पहिली: माहिती त्या माणसाला समजेल अशा साध्या भाषेत, गरज पडली तर खुणांनी, चित्रांनी द्यायची. दुसरी: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवायचं नाही. मानसिक आजार आहे म्हणून माणूस आपोआप वेडा ठरत नाही, हेही हा कायदा स्पष्ट सांगतो. ज्याला वर्षानुवर्षं नैराश्याचा त्रास आहे, त्यालाही व्हेंटिलेटर नाकारण्याचा हक्क आहे. त्याच्याशी जास्त वेळ बोलावं लागेल, इतकंच.

या सगळ्या कायद्यांच्या शेकडो वर्षं आधीपासून इथल्या मातीत अन्नपाणी हळूहळू सोडत मरणाचा स्वेच्छेनं स्वीकार करणारी एक परंपरा नांदते आहे: जैनांची सल्लेखना. निपाणी तालुक्यात वेदगंगा आणि दूधगंगा जिथं भेटतात तिथं भोज हे गाव आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा पुन्हा जोमानं उभी करणारे आचार्य शांतिसागर महाराज या गावच्या पाटील घराण्यातले; जन्म १८७२ चा. १९५५ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. दृष्टी गेली होती. पायाखाली जीव चिरडला जातोय का, ताटात काय आहे, हे दिसेना. म्हणजे मुनीचं अहिंसेचं व्रतच पाळता येईना. १४ ऑगस्टला सुरुवात झाली, १८ सप्टेंबरला देह ठेवला. एकूण ३६ दिवस. त्यातल्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला आणि तो ध्वनिमुद्रित झाला.

या घटनेकडे मानसिक आरोग्याच्या बाजूनं पाहिलं तर काय दिसतं? जे झालं ते उघड्यावर, शिष्यांच्या आणि हजारो श्रावकांच्या समोर झालं. कारण स्पष्ट सांगितलेलं होतं. एका रात्रीत काही घडलं नाही. टप्प्याटप्प्यानं झालं, आणि सव्विसाव्या दिवशीही माणूस सुसंगत बोलत होता. याहून महत्त्वाचं शास्त्रात आहे. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत: जीविताशंसा, मरणाशंसा, मित्रानुराग, सुखानुबंध आणि निदान. दुसरा पाहा. मरण लवकर यावं अशी इच्छा धरणं हा दोष आहे. जगण्याला कंटाळून, दुःखातून सुटायला म्हणून कुणी व्रत मागितलं तर शास्त्राच्याच कसोटीवर ते नापास होतं. आणि व्रत स्वतःच्या मनानं घ्यायचं नसतं. गुरू आधी माणसाला पारखतो. आजचे कायदे ज्या प्रश्नाशी झगडत आहेत, तो या परंपरेला फार पूर्वी दिसला होता.

म्हणून सल्लेखनेची प्रत्येक घटना निर्दोष असते असं मी म्हणत नाही. शास्त्रातली कसोटी आणि घरातला व्यवहार यांत अंतर पडू शकतं. विधवा, म्हाताऱ्या बायका, ज्यांच्या आजारपणाला कुणी वाली नाही, त्यांच्या व्रताभोवती जेव्हा उत्सव होतो, तेव्हा मागे फिरायचं ठरवलं तर ते त्यांना कितपत जमेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. राजस्थान उच्च न्यायालयानं १० ऑगस्ट २०१५ रोजी हे व्रत आत्महत्येच्या कक्षेत टाकलं. देशभरच्या जैन समाजानं निषेध केला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. माझ्या मते दोन्ही टोकं चुकीची आहेत. सरसकट गुन्हा म्हणणं म्हणजे भोजच्या पाटलांच्या घरातला मुनी आणि नैराश्यानं खंगलेली म्हातारी यांना एकाच मापानं मोजणं. सरसकट पुण्य म्हणणं म्हणजे त्याच म्हातारीला एकटं सोडणं.

बाहेरच्या देशांनी ही रेषा कुठं ओढली, हे थोडक्यात पाहू. नेदरलँड्समध्ये १९९१ साली एका मानसोपचारतज्ज्ञानं दोन्ही मुलगे गमावलेल्या एका बाईला मरायला मदत केली. तिला शरीराचा काही आजार नव्हता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलं, की मनाचं दुःखही असह्य असू शकतं. पण दुसऱ्या स्वतंत्र तज्ज्ञानं रुग्णाला प्रत्यक्ष तपासलेलं असलंच पाहिजे. या बाबतीत ते झालं नव्हतं, म्हणून डॉक्टर दोषी ठरला. कागद वाचून मत देणं पुरेसं नाही, समोर बसून बोललं पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. कॅनडानं केवळ मानसिक आजारासाठी मरणाची मदत देण्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. २०२४ मध्ये ती मार्च २०२७ वर नेली. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहानं जून २०२५ मध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी जे विधेयक संमत केलं त्यात कायदेतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक अशा तिघांच्या समितीची तरतूद होती. तरीही तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं त्या विधेयकाला पाठिंबा द्यायला नकार दिला.

आपल्याकडेही मागण्या केवळ आजाऱ्यांकडूनच येत नाहीत. मुंबईत गिरगाव-ठाकूरद्वार भागातल्या चाळीत राहणाऱ्या एका वृद्ध जोडप्यानं २०१७ च्या अखेरीस राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरण मागितलं. नवरा एस.टी. महामंडळातून निवृत्त, बायको शाळेची मुख्याध्यापिका होती. मूलबाळ नाही, गंभीर आजार नाही. कुणावर भार व्हायचं नाही, आजारी पडायची वाट बघायची नाही, एवढंच म्हणणं. त्यांच्या तर्कात खोट काढता येत नाही. पण ‘भार’ हा शब्द जिथं येतो तिथं कायद्यानं सही पुढे न करता आधी विचारायला हवं, की म्हातारपणी सांभाळ कोण करणार ही भीती आपण समाज म्हणून का निर्माण केली.

गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. निरोगी, जाणत्या माणसानं शांतपणे केलेला हा कागद आदर्श म्हणावा असा. कागद करायचा तर तो असाच, धडधाकट असताना करावा. आजाराचं निदान झाल्याच्या आठवड्यात, नवरा किंवा बायको गेल्याच्या महिन्यात, कर्जाच्या काळजीत करू नये. अरुणा शानबाग यांचं उदाहरण याच कारणासाठी मनातून जात नाही. त्या मूळच्या उत्तर कन्नडातल्या हळदीपूरच्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या, आणि त्यांच्या मनात काय आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांच्या वतीनं पत्रकार पिंकी विराणी एक बोलत होत्या, त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिका दुसरं. २०११ मध्ये न्यायालयानं परिचारिकांचं म्हणणं मानलं.

सीमाभागात या सगळ्यात आणखी दोन गाठी पडतात. पहिली सरहद्दीची. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे इथला गंभीर रुग्ण कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये ८६५ सीमावासी गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवल्यावर हा ओघ वाढण्याचीच शक्यता. इच्छापत्राची प्रत निपाणीच्या नगरपालिकेकडे असेल, दुसऱ्या मंडळावरचा डॉक्टर मात्र कोल्हापूर जिल्ह्यातला अधिकारी नेमणार. त्याला कागद वेळेवर मिळायचा तर नातेवाइकांनीच तो बरोबर न्यायला हवा. निर्णय घ्यायला ज्या दोन जवळच्या माणसांची नावं त्यात घातली, त्यांच्या फोनमध्ये त्याची छायाप्रत असायला हवी.

दुसरी गाठ भाषेची, आणि ती जास्त घट्ट आहे. छापील नमुना इंग्रजी किंवा कन्नड, डॉक्टर धारवाडकडचा किंवा केरळचा, रुग्ण मराठी. किंवा उलट: कोल्हापूरच्या खाटेवर घरात कन्नड बोलणारी चिकोडीची आजी, समोर मराठी डॉक्टर. ‘किती वेदना होतात’ हे परक्या भाषेतही सांगता येतं. ‘मला वाटतं मी सगळ्यांना नकोशी झाले’ हे माणूस आपल्या भाषेतच सांगतो, तेही नातेवाईक दुभाषा नसेल तर. मुलानं आईचं बोलणं डॉक्टरला उलगडून सांगायचं, ही पद्धत रक्तदाबाच्या चौकशीला चालेल. उपचार थांबवायच्या संमतीला ती चालवून घेऊ नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही. बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, केएलईचं रुग्णालय आहे. धारवाडला राज्याची मानसिक आरोग्य संस्था आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. आजारी माणूस इच्छापत्र करायला आला, किंवा शुद्धीवरच्या रुग्णानं जीव वाचवणारा उपचार नाकारला, की घाईची वेळ नसेल तर त्याच्या भाषेत बोलणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञानं किंवा समुपदेशकानं त्याच्याशी एकदा एकट्यानं बोलावं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा; एवढी सूचना जिल्हा आरोग्य अधिकारी आपल्या अखत्यारीत देऊ शकतात. निरोगी माणसाला मात्र मानसोपचाराचा दाखला मागू नये. तसं केलं तर २०१८ च्या पद्धतीची गत होईल, कागद कुणी करणारच नाही. आणि आधी वेदना शमवणारी सेवा द्यावी. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम करत आहे. वेदना आटोक्यात आली की मरण मागणारे कितीतरी जण पुन्हा घरचं विचारू लागतात, हे तिथली माणसं सांगतात.

वाचकहो, घरात कुणी म्हातारं माणूस ‘मला आता नको’ म्हणालं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका आणि लगेच वकीलही गाठू नका. काय नको, असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत बसा. उत्तर जगण्याबद्दलचं आलं, मग ते म्हाताऱ्याचं असो की तरुणाचं, किंवा तुमच्या स्वतःच्या मनातलं असो, तर टेली-मानस या मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.